फाटकावरील घंटा आणि शेजारधर्म

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही भुसार बाजाराविषयी किंवा बाजार समितीच्या प्रश्नांविषयी लिहू असा पुष्कळांचा समज झाला असेल. तथापि आपल्या सभासदांच्या बैठकीत, लग्नकार्यात, मंदिराच्या पायरीवर अलीकडे जो विषय वारंवार निघतो, तो दुकानाचा नसून घराचा आहे. बंगला गावाबाहेर, मुलगा बंगळूरला किंवा पुण्याला, घरात दोन वृद्ध माणसे. रात्री काय करावे, हा तो विषय होय. या चिंतेवर उपाय म्हणून एक उपकरण बाजारात मिळू लागले आहे. इंग्रजीत त्यास 'वायरलेस ड्राइव्हवे अलार्म' म्हणतात. आपण त्यास फाटकावरील बिनतारी घंटा म्हणू. आमच्या गोदामाच्या आवारात ती गेली तीन वर्षे बसविलेली असल्यामुळे, घ्यावी की न घ्यावी, असे आम्हास अनेकांनी विचारले. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु जी वस्तू आपण वापरतो तिचे गुणदोष सांगण्याचा अधिकार प्रत्येक व्यापाऱ्यास असतोच. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. ही घंटा अवश्य घ्यावी. मात्र तिचा एक आवाज शेजाऱ्याच्या घरात पोचणार असेल तरच तिच्यावर विसंबावे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हिचे दोन भाग असतात. एक भाग बाहेर, फाटकाजवळ किंवा वाटेच्या कडेला लावावयाचा. तो येणाऱ्याची चाहूल घेतो. दुसरा भाग घरात ठेवावयाचा. तो घंटा वाजवितो. या दोहोंमध्ये तार नसते, रेडिओच्या लहरींवर काम चालते. बाहेरच्या भागास सेन्सर व आतल्या भागास रिसीव्हर म्हणतात. अमेरिकेत शेतावरची घरे रस्त्यापासून फार आत असतात, आणि फाटकापासून घरापर्यंत गाडीची लांब वाट असते. कोणी त्या वाटेस लागले की घरातल्या माणसास ते आधी कळावे, एवढाच या उपकरणाचा हेतू. आपल्याकडे शेतघरे, गोदामे, गिरण्या आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांस उठलेल्या नव्या वसाहती यांना ते उपयोगी पडू लागले आहे. साधी जोडणी पंचवीस किलोच्या चांगल्या तांदळाच्या एक-दोन पोत्यांच्या किंमतीत मिळते. म्हणजे खर्चाचा प्रश्न मोठा नाही.

चोराच्या चाहुलीने घंटा वाजविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या अशा घंटेचे पेटंट 1853 साली घेतले. पुढे एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन बॉस्टन व न्यूयॉर्क येथे त्याचा मोठा व्यवसाय केला. त्या घंटेची तार दाराखिडक्यांस जोडलेली असे. दार उघडले की घंटा वाजे. म्हणजे चोर उंबरठ्याशी येऊन पोचल्यावर घरधन्यास जाग येई. फाटकावरील बिनतारी घंटेने हीच सूचना उंबरठ्यावरून फाटकापर्यंत पुढे नेली. तिची खरी मातब्बरी एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

आपल्या वाडवडिलांस हे तत्त्व ठाऊक होते. जुन्या वाड्याची रचना आठवून पाहावी. वेशीवर जागल्या, वाड्याच्या तोंडाशी देवडी, देवडीवर राखणदार, मग चौक, मग सोपा, मग माजघर, आणि सर्वांत आत तिजोरी. दिंडी दरवाजास आडवा अडसर. चोरास चार उंबरे ओलांडावे लागत, आणि प्रत्येक उंबऱ्याशी कोणी ना कोणी झोपलेले असे. सोप्यात दिवाणजी, चौकात गडीमाणसे, माडीवर मुलेबाळे. एखादे म्हातारे माणूस खोकत रात्रभर जागेच असावयाचे. संरक्षणाचे निम्मे काम त्या खोकण्याने होई. पेठेतल्या घरांच्या भिंती एकमेकींस लागून. इकडे भांडे पडले तर तिकडे विचारणा व्हावयाची. आज आपण पेठ सोडून मोकळ्या हवेत राहावयास गेलो, हे चांगलेच झाले. पण वाडा सोडताना आपण देवडी मागे ठेवली, सोपा मागे ठेवला आणि सोप्यात झोपणारी माणसेही मागे ठेवली. नव्या बंगल्यास कंपाउंडची भिंत आहे, लोखंडी फाटक आहे. पण फाटकापासून शय्यागृहापर्यंत जागे असणारे कोणी नाही. ही बिनतारी घंटा म्हणजे त्या देवडीच्या जागी बसविलेले यंत्र होय. देवडीची उणीव ती पुष्कळशी भरून काढते. सोप्यातल्या माणसांची उणीव मात्र तिला भरून काढता येत नाही, हे ध्यानात घेऊनच पुढील विवेचन वाचावे.

सेन्सर मुख्यतः तीन जातींचे असतात, आणि जात न पाहता खरेदी करणे म्हणजे दाणा न पाहता पोते उचलण्यासारखे आहे. पहिली जात अंगाच्या उष्णतेवर चालणारी. प्रत्येक सजीवाच्या शरीरातून डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. ते किरण सेन्सरसमोरून सरकले की त्यास कळते. ही जात स्वस्त असून माणूस व मोटार दोन्ही ओळखते; परंतु कुत्रे, मांजर आणि मोकाट गुरेही ओळखते. दुसरी जात लोखंडावर चालणारी. जमिनीत पुरलेल्या कांडीजवळून लोखंडी वस्तुमान सरकले की भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो व घंटा वाजते. गाडीसाठी ही उत्तम, आणि जनावरांनी ती फसत नाही; पण पायी येणारा चोर तिच्या शेजारून खुशाल निघून जातो. तिसरी जात किरणांच्या दोरीची. वाटेच्या एका बाजूने किरण सुटतो, दुसऱ्या बाजूस पोचतो. मध्ये कोणी आले आणि तो तुटला की घंटा. ही नेमकी असते, पण दोन्ही खांब एका रेषेत घट्ट उभे राहावे लागतात. गोदामात रात्री लॉरी केव्हा शिरली हे कळावे एवढाच हेतू असेल तर दुसरी जात पुरेशी आहे. आमच्या आवारात लॉरी फाटकात आली की आत झोपलेला राखणदार जागा होतो व हमालांस हाक जाते. पूर्वी ड्रायव्हरला अर्धा तास भोंगा वाजवावा लागे व सारी गल्ली जागी होई. घराच्या रक्षणासाठी मात्र पहिली किंवा तिसरीच जात घ्यावी.

आता ही घंटा आपल्याला नेमके काय देते, याचा हिशेब मांडू. साधारण चालीने माणूस एका सेकंदात सव्वा मीटरच्या आसपास चालतो. फाटकापासून दार चाळीस मीटर असेल तर घंटा आपल्याला सुमारे अर्ध्या मिनिटाची आगाऊ सूचना देईल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे बंगले चाळीस बाय साठ फुटांच्या भूखंडावर आहेत. तेथे फाटक व दार यांत पंधरा-वीस फुटांचे अंतर, म्हणजे चार-पाच सेकंद. विकणारा ही गोष्ट सांगत नाही. मग लहान भूखंडावर घंटा व्यर्थ काय? आमच्या मते नाही. मात्र तेथे तिची जागा बदलावी. पुढच्या फाटकावर दूधवाला, पेपरवाला, येणारेजाणारे यांची सतत वर्दळ असते. चोर बहुधा मागच्या अंगाने, भिंत व घर यांमधल्या अरुंद बोळातून येतो. त्या बोळात रात्री घरच्या माणसास काही काम नसते. म्हणून सेन्सर तेथे बसवावा. तेथे वाजलेल्या घंटेचा अर्थ लावण्यास विचार करावा लागत नाही. शिवाय चोरास कुलूप किंवा खिडकीचे गज तोडण्यास जो वेळ लागतो, तोही आपल्या पदरात पडतो. चोर घरात शिरल्यावर जाग येणे आणि तो बाहेर असतानाच जाग येणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

बसविण्याच्या बाबतीत काही गोष्टी अनुभवाने सांगतो. उष्णतेवर चालणारा सेन्सर समोरून येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्यास लवकर ओळखतो. म्हणून त्याचे तोंड वाटेच्या लांबीकडे न करता वाटेस आडवे करावे. कमरेइतक्या उंचीवर लावावा. फार खाली लावल्यास मांजराचीही घंटा होते. उगवत्या व मावळत्या सूर्याकडे त्याचे तोंड असू नये. त्याच्यासमोर झाडाची फांदी हलत असेल तर ती छाटावी, कारण उन्हाने तापलेली पाने वाऱ्याने हलली तरी तो फसतो. कडक उन्हाळ्यात हवेची उष्णता माणसाच्या अंगाइतकी झाली की त्याची नजर मंद होते. भर दुपारी त्याच्यावर फार विसंबू नये. आपल्याकडचा पावसाळा लांब व जोराचा. पाणी आत शिरणार नाही असे वेष्टन असावे आणि वर लहानसे छप्पर करावे. सेन्सरच्या काचेवर कोळी जाळे विणतो, त्याकडेही लक्ष असावे. रेडिओच्या लहरी किती दूर जातात याचा जो आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो मोकळ्या मैदानातला. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, सिमेंटचे स्लॅब व पत्र्याच्या शेड यांतून जाताना लहरी पुष्कळ क्षीण होतात. गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे रिसीव्हर ठेवून मग घंटा वाजत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. म्हणून आधी दोन्ही भाग हातात धरून, एकाने फाटकाशी व दुसऱ्याने शय्यागृहात उभे राहून परीक्षा पाहावी, आणि मगच खिळे ठोकावेत.

खरेदी करताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बिनतारी लहरींवर सरकारचे नियंत्रण आहे. 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 सालापासून परवान्याविना मोकळा आहे. परदेशी राहणाऱ्या जावयाने किंवा पुतण्याने तिकडून आणलेले उपकरण तिकडच्या लहरींवर चालणारे असते. त्या लहरी इकडे मोबाइल कंपन्यांस दिलेल्या असू शकतात. म्हणून येथील मान्यता मिळालेलेच उपकरण घ्यावे. दुसरी, रिसीव्हर विजेवर चालत असला तरी त्यास आत बॅटरीची सोय हवी. कारण वीज गेलेली अंधारी रात्र हीच चोरास सोयीची. तिसरी, घंटेचा स्वर. वय झाल्यावर माणसास बारीक, चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो. वृद्ध मातापित्यांसाठी घ्यावयाची तर घंटेचा आवाज भरदार व खालच्या पट्टीतला असावा, आणि तो त्यांना स्वतः ऐकवून मगच पैसे द्यावेत.

या उपकरणाचा सर्वांत मोठा दोष असा की ते बंद पडल्याचे बहुधा सांगत नाही. स्वस्त जातीत सेन्सर फक्त बोलतो, ऐकत नाही. रिसीव्हर फक्त ऐकतो, विचारीत नाही. सेन्सरचे सेल संपले तर घंटा वाजणार नाही. आणि घंटा वाजली नाही म्हणून आपण समजणार की रात्र सुखरूप आहे. मुकी घंटा आणि शांत रात्र यांतला फरक अंथरुणावर पडून कळत नाही. आपण वजनकाटा दरवर्षी तपासून घेतो व त्यावर शिक्का मारून घेतो; काटा चांगला दिसतो म्हणून तपासणी टाळीत नाही. तोच नियम येथे लावावा. आठवड्यातून एक वार ठरवून घरातल्या कोणीतरी सेन्सरसमोरून चालून जावे व दुसऱ्याने घंटा ऐकावी. हे काम नातवंडांकडे द्यावे. ती ते विसरत नाहीत.

याच्या उलट दोष म्हणजे अकारण वाजणे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. रात्रीतून दहा वेळा कुत्र्यामांजरासाठी वाजणारी घंटा तिसऱ्या दिवशी घरातलेच कोणीतरी बंद करून ठेवते, आणि तीन महिन्यांनी ती बंद आहे हेही विसरले जाते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात घंटा किती वेळा व कशामुळे वाजली याची नोंद एका लहान वहीत ठेवावी. वही ठेवण्याची सवय आपल्या रक्तातच आहे. त्या नोंदीवरून सेन्सरची जागा, उंची व दिशा बदलीत जावे. शेजारच्या घरी त्याच बनावटीचे उपकरण असेल तर त्याच्या सेन्सरने आपली घंटा वाजू शकते. तेव्हा खूणक्रमांक निराळा करून घ्यावा. महिनाभर चिकाटी धरली तर घंटा आपल्या घराची चाल शिकते, असे म्हणण्यापेक्षा आपण तिची चाल शिकतो, असे म्हणणे अधिक खरे.

काही बंधू म्हणतात की घरात कॅमेरे असताना घंटा कशाला? कॅमेऱ्याचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. दुकानात तो हवाच. गल्ल्यावरचा व मालाच्या मोजणीवरचा वाद तो मिटवितो. परंतु कॅमेरा हा साक्षीदार आहे. रात्री काय घडले ते तो सकाळी सांगतो. घंटा ही राखणदार आहे. घडण्यापूर्वी ती हाक मारते. मोबाइलवर चित्र दाखविणारे कॅमेरेही निघाले आहेत, आणि ते बंगळूरच्या मुलास मध्यरात्री जागे करतात हे खरे. पण तो मुलगा पाचशे किलोमीटरवरून काय करणार? तो शेजाऱ्यासच फोन करणार. आणि शेजाऱ्याचा नंबर त्याच्यापाशी नसेल तर ते चित्र पाहण्यावाचून त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणजे कितीही महाग यंत्र घेतले तरी शेवटी गोष्ट शेजाऱ्यापाशीच येऊन थांबते.

दुसरे काही बंधू भिंतीवर काचांचे तुकडे बसवितात, कोणी माणसावर धावून जाणारी कुत्री पाळतात, आणि कुंपणात विजेचा प्रवाह सोडावा असे बोलणारेही आम्ही ऐकले आहेत. येथे आम्हास स्पष्ट बोलणे भाग आहे. चेंडू काढावयास चढलेले मूल, भिंतीवरून जाणारे मांजर आणि चोर यांतला भेद काच जाणत नाही व वीजही जाणत नाही. कुंपणात सोडलेल्या विजेने माणूस दगावला तर घरमालकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. ज्या धर्मात पाण्याचा थेंबही गाळून घेण्याची शिकवण आहे, त्या धर्माच्या घराभोवती इजा करणारे कुंपण शोभत नाही. घंटा कोणास इजा करीत नाही. चोर पळून जातो, आपला माल वाचतो आणि कोणाच्याही अंगावर ओरखडा उठत नाही. अहिंसेस धरून चालणारा याहून स्वस्त पहारेकरी आम्हास तरी माहीत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घंटा वाजली, ऐकले कोणी? आपली घरे वर्षातून कित्येक वेळा कुलूपबंद असतात. दशलक्षण पर्वात संध्याकाळी सारे घर प्रवचनास जाते. कोणी श्रवणबेळगोळास जातो, कोणी कुंभोज बाहुबलीस, कोणी शिखरजीच्या यात्रेस दोन आठवडे. लग्नसराईत तर गल्लीच्या गल्ली बाहेरगावी. रिकाम्या घरात वाजणारी घंटा म्हणजे पत्ता नसलेले पत्र. आणि घरात माणसे असली तरी ती सत्तरीच्या पुढची दोघे असतील, तर त्यांना घंटेने जाग येईल खरी, पण त्या जागेपणात भीतीवाचून दुसरे काय असेल? एकट्या म्हाताऱ्या माणसास मध्यरात्री 'कोणीतरी आले आहे' एवढेच सांगून स्वस्थ बसणारे यंत्र कधीकधी उपकारापेक्षा अपकारच करील.

यावर उपाय त्या यंत्रातच आहे, आणि तो फारसा कोणी योजीत नाही. अनेक बनावटींत एका सेन्सरशी एकाहून अधिक रिसीव्हर जोडता येतात. लोक दुसरा रिसीव्हर घेतात तो स्वयंपाकघरात किंवा माडीवर ठेवण्यासाठी. आमचे सांगणे असे की दुसरा रिसीव्हर शेजाऱ्याच्या घरात ठेवावा, आणि शेजाऱ्याच्या सेन्सरचा रिसीव्हर आपल्या घरात ठेवावा. दोन्ही घंटांचे स्वर निराळे असावेत, म्हणजे कोणाच्या घरी चाहूल लागली हे कानास आपोआप कळेल. दोन घरांचा खर्च दोन जादा रिसीव्हरांइतकाच. पण त्यामुळे यात्रेस गेलेल्या घरासही कान राहतात, आणि घरी असलेल्या वृद्धांस घंटेबरोबरच ही खात्री मिळते की हाच आवाज पलीकडच्या घरातही वाजला आहे व तेथला दिवा आता लागेल. पलीकडे लागलेला तो दिवा चोरास घंटेपेक्षा अधिक भय घालतो. ज्याला आपण सोप्यातल्या माणसांची उणीव म्हटले, ती अशी भरून निघते.

यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार केला पाहिजे. आपण केव्हा येतो, केव्हा जातो हे शेजाऱ्यास कळेल, हा पहिला आक्षेप. त्यासाठी मागच्या बोळातल्या सेन्सरचीच घंटा शेजाऱ्याकडे द्यावी, पुढच्या फाटकाची देऊ नये. आणि रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंतच ती चालू ठेवावी. दुसरा आक्षेप असा की आमच्या शेजाऱ्याशी हद्दीवरून किंवा पाण्याच्या नळावरून बोलणे बंद आहे. अशा घरांस आमचे नम्र सांगणे की कोर्टातली तारीख कोर्टात चालू द्यावी, पण रात्रीचा कान चालू ठेवावा. उत्तम क्षमेचा दिवस वर्षातून एकदा येतोच. घंटेचे निमित्त करून त्या दिवशी पलीकडच्या दारी जाण्यास हरकत नाही. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो: शेजारी आपल्यातला नाही. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या समाजास हा विचार शोभणारा नाही. आपल्या एका बाजूस कानडी बोलणारे घर असते, दुसऱ्या बाजूस उर्दू बोलणारे, समोर मराठी. पिढ्यान्पिढ्या आपण या सर्वांशी उधारीचा व्यवहार विश्वासावर केला. ज्याला महिन्याच्या बोलीवर दहा पोती दिली, त्याच्याकडे एक लहानशी घंटा ठेवावयास कचरावे काय? घंटेस भाषा नसते. ती सर्वांस सारखीच कळते.

शेजाऱ्याने काय करावे व काय करू नये हेही आधी ठरलेले असावे. घंटा ऐकताच काठी घेऊन अंधारात बाहेर धावणे हे शौर्य नसून अविचार आहे. प्रथम घरातले व बाहेरचे सर्व दिवे लावावेत. मग ज्या घराची घंटा असेल तेथे फोन करावा. तीनदा वाजूनही कोणी उचलला नाही, किंवा संशय खरा वाटला, तर 112 या क्रमांकावर पोलिसांस कळवावे व पत्ता नीट सांगावा. गच्चीवरून किंवा खिडकीतून मोठ्याने हाक द्यावी. माणसे जागी आहेत हे चोरास कळणे पुरेसे असते. त्याला पकडणे हे आपले काम नव्हे. सर्व शेजाऱ्यांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घंटेजवळच भिंतीवर लावावेत, कारण घाबरलेल्या माणसास मोबाइलमधले नाव सापडत नाही. बाहेरगावी असलेल्या मुलांनीही ते क्रमांक आपल्यापाशी ठेवावेत.

एक सावधगिरीची सूचना. यंत्र आले म्हणून गल्लीतल्या गुरख्यास रजा देऊ नये. आपल्या पेठेतून कित्येक वर्षे त्याची शिट्टी व काठीचा ठोका ऐकत आपण झोपलो. पूर्वीच्या पहारेकऱ्यांची 'आलबेल' ही आरोळी इंग्रज शिपायांच्या तोंडून मराठीत आली व आपलीच झाली. कारण सारे ठीक आहे हे कोणा माणसाच्या तोंडून ऐकण्यात एक समाधान असते. घंटा फक्त संकट आले म्हणजे बोलते. आलबेल असल्याचे ती कधी सांगत नाही. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून घंटा बसविल्या, तर एक रिसीव्हर गुरख्याच्या चौकीत ठेवावा. मग त्याला फिरता फिरता कोणत्या अंगास लक्ष द्यावयाचे ते कळेल, आणि त्याच्या पगाराचा प्रत्येक रुपया दुप्पट कामी येईल.

आपल्या संघाने यात काही करावे अशी आमची सूचना आहे. दहा-वीस घरांनी एकत्र मागणी केली तर घाऊक भाव मिळतो, हे घाऊक व्यापाऱ्यांच्या संघास आम्ही सांगावयास नको. वसाहतवार पाच-सहा घरांचे गट करावेत; प्रत्येक गटात निदान एक घर तरुण माणसांचे असावे. ज्या सभासदांचे मातापिता एकटे राहतात, त्यांच्या घरांपासून आरंभ व्हावा. बसविण्याचे काम जाणणारा एक कारागीर संघाने ठरवून द्यावा आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी, सर्व उपकरणांची तपासणी करवून घ्यावी. यास निराळा निधी नको, समिती नको. प्रत्येकाने आपल्या भिंतीपलीकडच्या घरी जाऊन एकदा विषय काढावा, एवढेच लागेल. ज्याने हे बोलणे टाळले त्याच्या फाटकावर कितीही चांगली घंटा असली तरी ती एकट्यासाठीच वाजेल. पावसाळ्यास अजून काही आठवडे अवकाश आहे. तेवढ्यात सभासद बंधूंनी हे एक काम उरकून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.